धुंगार दिलेलं ताक

साडूवर सूड उगवायचा, हे मी न्युरेम्बर्गहून नेकारसुल्मला परतताना गाडीतच ठरवलं. मागच्या सीटवर माझी दहा वर्षांची लेक ओल्या केसांनी बसली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं केनियाला सफारीला गेली होती. सिंह लांबूनच दिसले. लक्षात राहिलं ते मसाई गाव. तिथे लहान मुलं मोठ्यांपुढे डोकं झुकवतात आणि मोठे त्यावर हात ठेवतात. लेकीनं ते लगेच उचललं. एका म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून हलकंसं थुंकून आशीर्वाद दिला. त्यांची रीतच तशी. लेक खुलली. साडूनं मात्र त्याचं शूटिंग केलं आणि गणपतीत, न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर दाखवलं. "बघा, थुंकीचा अभिषेक!" सगळे खो खो हसले. लेक बाथरूममध्ये नळाखाली डोकं धूत राहिली. गाडीत जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, "इश कोम नी वीडर मिट." पुन्हा कधीच येणार नाही. आणि खरंच, त्यानंतर ती आपल्या माणसांत यायची बंद झाली.

माझ्याकडे हत्यार होतं. साडू कडक शाकाहारी. जिलेटिन आहे म्हणून त्यानं एकदा लेकीच्या हातातल्या चघळायच्या गोळ्या काढून कचऱ्यात टाकल्या होत्या. तर, त्याच गावात, अंधाऱ्या झोपडीत, त्या म्हातारीनं त्याला सुक्या भोपळ्यातून दूध प्यायला दिलं. ते भोपळे निखाऱ्यानं धुरावलेले असतात. "वा! धुंगार दिलेलं ताक!" म्हणत त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं. गाइड माझ्या कानात म्हणाला, घरात बाळंतीण आहे, तिच्यासाठी दुधात गाईचं रक्त घातलंय. तेव्हा मला दया आली, गप्प बसलो. त्या दयेचा आता मला संताप येत होता.

साडूकडे सत्यनारायण होता. लेकीला अक्षरशः ओढून नेलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, भारतातून त्याची आईही आलेली. प्रसाद झाल्यावर साडू परदेशात सोवळं कसं पाळावं ते सांगू लागला, आणि मी सगळं ओकून टाकलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं, हेही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काय गार वाटलं मला!

"दिलं कुणी ते?" त्याच्या आईनं विचारलं.

"हिला आशीर्वाद दिला ना, त्याच म्हातारीनं," मी लेकीकडे बोट दाखवलं.

"बाई गं! बाळंतिणीच्या वाटचं काढून पाहुण्याला दिलं?" त्यांचे डोळे भरले. "मोठ्या मनाची म्हणायची."

कोपऱ्यातून लेक उठली. त्यांच्यासमोर जाऊन तिनं डोकं झुकवलं, गावात झुकवलं होतं तसंच. ती नमस्काराला वाकतेय असं समजून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

माझा सूड गेला चुलीत. इतक्यात साडूला हुरूप आला. "अरे वा, थांब, तशीच थांब!" म्हणत त्यानं मोबाइल काढला.

मी त्याचं मनगट धरलं आणि लेक डोकं वर करेपर्यंत सोडलं नाही.