त्या बाईंना भास झाला नव्हता

भूलतज्ज्ञांच्या परिषदेत काल माझे जुने विभागप्रमुख शाल पांघरून व्यासपीठावर उभे होते. विषय होता, भुलेतही रुग्णाला जाग राहणं. माइकवर बोट आपटून त्यांनी हसत विचारलं, "मागे ऐकू येतंय ना?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी त्यांच्या हाताखाली शिकत असताना पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर एक शिक्षिका त्यांना म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, मला सगळं कळत होतं. हात हलवायचा होता, पण हलत नव्हता. तुम्ही माझ्या जाडेपणाची थट्टा केलीत, तीही ऐकली."

सरांनी केसपेपरवरून नजरही उचलली नाही. "भास झाला असेल, बाई."

थट्टा खरंच झाली होती, मी तेव्हा टेबलापाशीच उभी होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सलाइनची नळी नीट करू लागले. माणूस आमच्या हाती सगळा देह सोपवून डोळे मिटतो. एवढा विश्वास तो घरच्यांवरही टाकत नसेल, आणि आम्ही त्यालाच वेड्यात काढतो.

काल प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून मी ती हकीकत सांगितली. "सर, तो भास होता का?"

"मला आठवत नाही," सर म्हणाले. सूत्रसंचालकांनी घाईघाईने जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवणाच्या रांगेत सर मुद्दाम माझ्या शेजारी आले. "इतकी वर्षं का नाही बोललीस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी ताटात भात वाढून घेऊ लागले. पहिल्या नोकरीसाठी त्यांचं शिफारसपत्र मी त्या बाईंच्या ऑपरेशनच्याच आठवड्यात मागितलं होतं.