डालग्याखालची करडं

गोजाबाई धनगरीण आमच्याच आळीत राहायची. तिचा गुंडा नावाचा नवरा तरणाताठा असतानाच गेला. सात शेळ्यांच्या जिवावर तिनं दोन पोरी वाढवल्या. सोलापूरच्या किल्ल्यात शेळ्या चारायचा परवाना तिच्याकडं होता. मी तेव्हा एका गोऱ्या साहेबाकडं कारकून होतो.

१९३२ च्या फाल्गुनात साहेबलोकांनी किल्ल्यात एक खेळ मांडला. पडक्या भिंतींत पत्र्याचे डबे लपवायचे आणि ते शोधायला चिठ्ठीवर कोडी द्यायची. डबा सापडला की आतला रबरी शिक्का आपल्या वहीत उठवायचा, डबा परत तिथंच ठेवायचा, पुढचा शोधायचा. शेवटच्या डब्यात खजिना म्हणून चांदीची सिगारेटची डबी होती.

तो शेवटचा डबा गोजाबाईला बुरुजाच्या फटीत दिसला. कुणीतरी विसरलं असेल, म्हणून ती तो घेऊन सरळ दरवाजापाशी आली. तिथं मडमा सरबत पीत बसल्या होत्या, साहेबाच्या मागं मी उभा होतो. डबा उघडला, तर आत शिक्का आणि खेळाची नोंदवही होती, चांदीची डबी नव्हती.

हवालदार महादेवप्पानं तिचा दंड धरला.

“चोरायचं असतं तर तुमच्या हातात कशाला आणून दिला असता?” ती ओरडली. मग माझ्याकडं वळली. “बाबा, शेळी कालच व्यालीया. दोन करडं भिंतीकडंला डालग्याखाली झाकल्यात. त्यांना पाजून येते, मग कुटं न्यायचं तितं न्या. सांग की साहेबाला!”

साहेबानं विचारलं, “काय म्हणते?”

साहेबाची मडम लालबुंद झाली होती. मी म्हणालो, “चोरी केली नाही म्हणते.” करडांचं बोललोच नाही.

तिला चौकीत बसवलं. मोकाट शेळ्या कुणीतरी कोंडवाड्यात घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाचा दोस्त जेऊरहून शिकार करून परतला. डबी त्याच्याच खिशात होती! सगळ्यांच्या आधी त्याला ती सापडली होती आणि गंमत म्हणून तो गप्प राहिला होता. सगळे पोट धरून हसले.

गोजाबाई सुटली ती धावतच किल्ल्यात गेली. बांबूचं डालगं उचललं. दोन्ही करडं ताठ झाली होती.

ती त्यांना पदरात घेऊन बंगल्यावर आली आणि साहेबाच्या चहाच्या मेजावर तिनं ती ठेवली. मडम किंचाळत उठली.

“हे तुमचं खेळणं. शिक्का मारा की ह्यांच्यावर!”

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी पुटपुटलो, “हिची जनावरं मेली, साहेब. नुकसान झालं म्हणते.”

“नीट सांग!” ती माझ्यावर कडाडली. “मारली म्हण! काल तुला तोंड न्हवतं, आज तरी फुटू दे.”

साहेबानं समजूत म्हणून तो पत्र्याचा डबा तिच्यापुढं केला. तिनं तो भिंतीवर आपटला. आतली वही फाटून पानं अंगणभर झाली.

आठ दिवसांत तिचा परवाना रद्द झाला. तो कागद मीच लिहिला. तिनं शेळ्या कुंभारीच्या माळावर न्यायला सुरुवात केली. रोजची चार कोसांची पायपीट वाढली. साहेबलोकांनी खेळ पुढच्या वर्षीही मांडला.

गोजाबाई पुढं वीस वर्षं जगली. माझ्या दारावरून जाताना ती दर वेळी थुंकायची. बायको चिडायची, भांडायला निघायची. मी तिला उंबऱ्यातच अडवायचो.