पाटावरचे स्केट्स

ओल्या चामड्याला कुंकवाचा वास आला की मला आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतला आमचा हॉल आठवतो. मंदीचं साल होतं आणि त्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी पाटावर बाबांचा लॅपटॉप आणि साइटवरचं हेल्मेट पूजेला असायचं. पण त्या वर्षी त्यांची नोकरी गेली, दोन्ही वस्तू कंपनीत जमा झाल्या, म्हणून आईने माझे आइस हॉकीचे स्केट्स मांडून पात्यांना कुंकू लावलं. दुपारी फोन वाजला तेव्हा नोकरीचा असेल म्हणून बाबाच आधी उठले. फोन माझ्या कोचचा होता: बचावातला एक खेळाडू नोकरी गेल्यामुळे मायदेशी परतलाय, संध्याकाळी तू उतर, जमलं तर पगारी करार करू. मी पाटासमोर नुसता उभा राहिलो. पूजेतल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा बाबांचाच नियम. ऑफिसमधून फोनवर फोन आले तरी त्यांनी कधी लॅपटॉप उचलला नव्हता. त्यातून माझ्या खेळाला ते बर्फावरची मारामारी म्हणायचे. आज मात्र त्यांनीच अक्षता वाहिल्या, स्केट्स किंचित हलवले आणि माझ्या हातात दिले. “बाबा, उद्यापर्यंत…” मी म्हणालो. “काम आज आलंय. यल्ला, चल, निघ,” एवढं बोलून ते रिकाम्या पाटावरचे तांदूळ गोळा करत बसले. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, मला कळेना. करार झाला, पण त्या सामन्यातलं मला काहीच आठवत नाही. अजूनही खंडेनवमीच्या दुपारी बाबा विचारतात, “फोन आला का?” कुणाचा, हे मी कधी विचारलेलं नाही.