ओ दिल्याशिवाय नारळ नाही

"एकदा या आमच्याकडे" असं कितीतरी जण म्हणतात, आपणही "नक्की" म्हणतो आणि विसरतो. पुण्यात बचत गटाच्या प्रदर्शनात मी कलाबाईंकडून तांदूळ घेतला, तेव्हा त्याही म्हणाल्या, "या ना ताई, धान कापाच्या वक्ती." मी खरंच गेले. "गडचिरोली? आणि एकटी?" असं म्हणत घरच्यांनी तोंड वाकडं केलं होतं. तिकडे दुर्लक्ष केलं हे फार बरं झालं.

बल्लारपूरपर्यंत रेल्वे. स्टेशनबाहेर तर्री-पोहे जरूर खा, पण तर्री बेताने मागा. मी शहाणपणा करून भरपूर मागितली आणि एसटी येईपर्यंत नाक पुसत बसले. तिथून आष्टी, आलापल्ली करत अहेरी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. मात्र आष्टीच्या पुढे अवजड ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केली आहे. पाठ दुखरी असेल तर मागची सीट अजिबात नको. सागाचं जंगल सुरू झालं की धक्क्यांची तक्रार आपोआप कमी होते.

अहेरी स्टँडवर कलाबाई हजर होत्या. वडापच्या जीपने त्यांच्या गावी पोचलो. तलावातल्या मासोळीचा रस्सा, नव्या तांदळाचा वाफाळता भात आणि वर "घ्या ना जी, काऊन लाजता?" असा आग्रह. मी तीनदा नाही म्हणाले आणि तीनदा घेतलं.

सकाळी त्यांचे यजमान महादेवभाऊ मला शेत दाखवायला निघाले. एका पायाने लंगडत, पण माझ्यापेक्षा भरभर. बांधावर बसल्यावर पायाची गोष्ट निघाली. धान पिकलं की रात्री रानडुकरं शिरतात, म्हणून माणसं जागलीला जातात. तिथली रीत अशी, की अंधारात काही हललं तर आधी हाक मारायची. माणूस असेल तर ओ देतो. ओ आली नाही तर ते डुक्कर. दोन वर्षांपूर्वी नेमका महादेवभाऊंचा घसा बसलेला.

"हाक आयकू आली मले," ते म्हणाले. "तोंड उघडलं, पण आवाजच नाई निंगाला."

शेजारच्या किसनभाऊंनी भरमार झाडली. भरमार म्हणजे नळीत दारू ठासून उडवायची गावठी बंदूक, अर्थातच बिनपरवाना. छर्रे मांडीत घुसले. किसनभाऊंनीच रडत रडत त्यांना खाटेवर घालून दवाखान्यात नेलं, आणि तेच आजही कोर्टाच्या तारखांना जातात. ते पाहून गावाने धडा घेतला, पण उलटा. जमा करायला जावं तर केस लागेल, म्हणून ज्याने त्याने आपली बंदूक आणखी खोल लपवली.

आता बापाच्या जागी थोरला मुलगा जागलीला जातो. तो परत येईपर्यंत कलाबाईंचा डोळा लागत नाही. म्हणून गटातल्या बायका आमदारांच्या मागे लागल्या होत्या: बंदुका गावातच जमा करून घ्या, आणून देणाऱ्यावर केस नको आणि डुकरांसाठी सौर कुंपण द्या. अहेरीला खेटे घातले, निवेदनं दिली, दर वेळी "बघू" ऐकून परत आल्या.

माझं नशीब असं, की दुसऱ्याच दिवशी आमदार सभामंडपाच्या भूमिपूजनाला येणार होते. मांडव, माईक, सगळा थाट. नारळाचं ताट धरायचा मान कलाबाईंचा. आमदारांनी हात पुढे केला आणि बाईंनी ताट मागे घेतलं.

"नारळ देतो साहेब. पयले आमचं आयका."

"बाई, मुहूर्त चालला ना. निवेदन द्या, बघू."

"बघू म्हणजे ओ नाई जी. आमी कवापासून हाक मारून राह्यलो. ओ नाई आली का काय होते, ते आमच्या घरच्याईचा पाय पाहून घ्या."

मागच्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. आमदार आधी चिडले, मग हसायला गेले, आणि शेवटी त्यांनी महादेवभाऊंकडे खरंच पाहिलं. तिथूनच पोलीस अधिकाऱ्यांना फोन लावला, माईकपाशी धरला. स्वतःहून देणाऱ्यावर केस होणार नाही, गाडी गावात येईल, असं सगळ्यांनी ऐकलं. कुंपणाचा पाठपुरावा मी करतो, असं आमदार स्वतः बोलले.

"मंग माह्या घरची पयले घ्या," कलाबाई म्हणाल्या.

मी चाट पडले. ज्या घराने छर्रे सोसले, त्याच घरात एक होती! सासऱ्यांची, आढ्याला लपवलेली. बापाची निशाणी म्हणून महादेवभाऊ ती काही केल्या सोडत नव्हते, हे मला नंतर कळलं. कलाबाई त्यांच्याकडे वळल्या. "देता ना जी?"

महादेवभाऊ खाली बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी जागलीवर देतात तशी लांबलचक "ओऽऽ" दिली. सगळा मांडव हसला, बायकांनी डोळे पुसले, मीही पुसले. मग आमदारांना नारळ मिळाला.

निघताना कलाबाईंनी तांदळाची पिशवी दिली. परतीच्या प्रवासभर ती मी मांडीवरच ठेवली होती. ज्यांच्याशी माझी एका खरेदीपुरती ओळख, त्यांनी मला हे सगळं बघू दिलं, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

परवा संध्याकाळी त्याच तांदळाचा भात लावला आणि त्यांना फोन केला. गाडी येऊन गेली, पहिली बंदूक यांच्या घरची, मग एकेक करत गावातल्या सगळ्यांच्या. कुंपण अजून आलेलं नाही, "त्याच्यासाठीबी मागं लागून राह्यलो." तोवर जागल चालूच आहे, डबे वाजवत.

"थांबा ताई, आयका," म्हणत त्यांनी फोन अंगणात नेला. लांबून एक हाक आली. पाठोपाठ कोवळी ओ.

"माहा थोरला," कलाबाई म्हणाल्या. "आता एखाद वक्ती त्यानं ओ नाई देल्ली, तरी भेव नाई. जेवतो आन झोपतो मी."