खिडकीसमोरचा आडोसा

प्लॅन काढणाऱ्यांच्या ऑफिसात कागदाच्या गुंडाळ्या साठतात, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे किस्सेच जास्त साठले. त्यातले निम्मे तर एकाच नियमाचे! घरांना लागून दुकान किंवा वर्कशॉप असेल, तर मधे आडोसा हवा. भिंत घाला, झाडं लावा, पण घरातून धंदा दिसता कामा नये. आडोसा नाही, तर परवानगी नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडची कामं मी आणि माझा सहकारी कांबळे बघायचो. काल जिथे मोकळा माळ होता, तिथे आज कुणीतरी गॅलरीत कपडे वाळत घालत असायचं!

*

अंबरनाथच्या एका गॅरेजवाल्याने तपासणीपुरती अशोकाची झाडं नर्सरीतून कुंड्यांसकट भाड्याने आणली. हिरवीगार रांग! तपासणीचे साहेब खूश.

दुपारी तेच साहेब बदलापूरला दुसरी साइट बघायला आले. रांग ओळखीची वाटली. एका कुंडीवर सांडलेला पिवळा रंगही तोच.

"ही झाडं सकाळी अंबरनाथला होती ना?"

कांबळे शांतपणे म्हणाला, "साहेब, तिकडे जागा परवडत नाही हल्ली. झाडांनाही बदलापूरलाच यावं लागतं!"

*

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एक सिंधी चादरीवाला होता. दुकानामागे घरं. भिंत बांधून झाली नव्हती, म्हणून पठ्ठ्याने मागे दोरी बांधली आणि दुकानातल्या चादरीच टांगल्या. आडोसा झकास झाला. इतका झकास, की पलीकडच्या बायका भाव विचारायला लागल्या.

साहेब पोचले तोवर अर्धा आडोसा विकला गेला होता!

मी डोक्याला हात लावला. तो मात्र निवांत. "साईं, परमिशन कल भी मिलेगी. ग्राहक तो आज आया है!"

*

बदलापूर गावात टेकचंद शेठचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. शेड जुनी. पक्की परवानगी काढायला गेला, तेव्हा हाच नियम आडवा आला, कारण शेजारी गायकवाडकाकांचं घर. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, अर्धांगाने पाय गेलेले. खाट खिडकीशी, आणि खिडकीसमोर वर्कशॉप.

आम्ही मोठ्या उत्साहात त्यांना सांगायला गेलो, "काका, आता भिंत येणार. तुमचा त्रास संपला!"

काका म्हणाले, "त्रास? अरे, दिवसभर माणसं दिसतात मला. कपाट कसं उभं राहतं ते बघतो. भिंत घातली तर मी काय, विटा मोजू?"

काकू आतून म्हणाल्या, "माझ्याकडे बघा की."

"चाळीस वर्षं बघतोच आहे!"

कांबळे हसला. मला हसता आलं नाही. त्याच वर्षी माझी पत्नी गेली होती.

*

नियम तो नियम. भिंत उभी राहिली. आठवडाभराने मी सहज डोकावलो. काकांनी खाट फिरवून भिंतीकडे पाठ केली होती. काकू हळूच म्हणाल्या, "जेवण निम्मं झालंय हो त्यांचं."

मी टेकचंदला सांगितलं.

दोन दिवसांनी पाहतो तर खिडकीच्या बरोबर समोर भिंतीतल्या चार विटा गायब!

"शेठ, हे काय?"

"इटें कच्ची थीं, साईं. गिर गयीं." त्याची बोटं सोललेली होती. भिंत सिमेंटची, घट्ट. परवानगी ज्याची अडणार होती, त्यानेच भोक पाडलं होतं!

*

तपासणीला साहेब आले. भोक त्यांनी पाहिलं. म्हणाले, "घरातून दिसत असेल, तर बुजवावं लागेल." आणि सरळ काकांच्या घरात शिरले. मागोमाग आम्ही. टेकचंद दारातच थांबला. काकूंनी पदर तोंडाशी धरला. खाट पुन्हा खिडकीकडे वळली होती.

साहेब खाटेशी वाकले. "काका, खरं सांगायचं. इथून वर्कशॉप दिसतं का?"

काका आयुष्यभर कारखान्यात माल तपासून पास-नापास करणारे. त्यांनी भोकातून नीट, सावकाश पाहिलं.

"नाही साहेब. काही दिसत नाही."

"नक्की?"

"नक्की. फक्त त्या मिस्तरीला तेवढं सांगा, जेवणाच्या डब्यापाशी मांजर आलंय."

साहेबांनी पेन काढलं, कागदावर 'आडोसा पुरेसा' असं लिहिलं, सही केली आणि पेन खिशाला लावलं. मग खिडकीच्या गजांशी तोंड नेऊन ओरडले,

"ओ मिस्तरी! मांजर!"