बोटांना पाठ असलेलं प्रकरण

प्रबंधाचं दुसरं प्रकरण समोर आलं की काका पहिल्या दोन ओळी टाइप करायचे. मग दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे तर माझ्या बोटायला पाठ हाय."

नांदेडला विद्यापीठाच्या रस्त्यावर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. समाजशास्त्रात संशोधन करणाऱ्या आमच्यासारख्यांचे प्रबंध त्यांच्याच हाताखालून जायचे. तुमच्यापैकी कुणी प्रबंध लिहिला असेल तर आतली गोष्ट ठाऊक असेलच. दुसरं प्रकरण म्हणजे सैद्धांतिक चौकट, आणि ती सहसा कुणी स्वतः घडवत नाही. घरातल्या पाळण्यासारखी ती थोरल्याकडून धाकट्याकडे येते. सिद्धांत तेच, क्रम तोच, विषय तेवढा बदलायचा.

मीही तेच केलं. माझा विषय होता सावड. अहमदपूरकडच्या आमच्या गावात बायका आज हिच्या, उद्या तिच्या रानात मिळून खुरपायला जातात, त्याबद्दल. चौकट मात्र एका सीनियरच्या प्रबंधातून उचललेली. पंधरा दिवसांत प्रबंध सादर झाला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती, आणि पुन्हा शिकू द्यायला घरचे काही तयार नव्हते.

काकांनी हात मांडीवर ठेवले.

"करा ना टाइप," मी म्हटलं.

"करतो की, माझं काय जातंय? पन ताई, ह्यात तुमच्या खुरपणाऱ्या बाया कैदी कामून झाल्या?"

सीनियरचा विषय तुरुंगाचा होता. एका पानावर 'कैदी' बदलायचे राहून गेले होते. मला लाज वाटायला हवी होती, पण आला तो राग. "तुमचं काम टाइप करायचं आहे," मी फणकारले.

"हाव, तेच करून राहिलो इतके वर्ष." ते चिडले नाहीत. पान उलटून त्यांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "हा एक विद्वान हाय पहा. देणं-घेणं माणसाला बांधून ठेवतं म्हणतो. लई आपल्यातला वाटतो मला. एवढा एकटा घेऊन घरी जा अन् आईला इचारा. मग आणा."

तणतणतच मी गावी गेले. आई दारात शेंगा फोडत बसली होती. मी तिला तो सिद्धांत जमेल तसा सांगितला. ती म्हणाली, "ह्यात नवं काय? शेजारणीची कालवणाची वाटी आली की रिकामी धाडू नये. अन् लगीच बी धाडू नये. लगीच धाडली की तिला वाटतं, हिला आपलं नको हाय. सावडीचं तसंच. फिटलं की तुटलं, बाई."

तीन वर्षं मी ग्रंथालयात जे शोधत होते ते दारात बसलेलं होतं. चार दिवसांत मी ते प्रकरण नव्याने लिहिलं. काकांनी ते एका बैठकीत टाइप केलं, हात एकदाही मांडीवर गेले नाहीत. शेवटी म्हणाले, "हे न्हवतं पाठ."

आईने त्यांच्यासाठी स्टीलच्या डब्यात धपाटे दिले होते. ते खाऊन झाल्यावर मी डब्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी तो खणात ठेवून दिला. "आजच्या आज कसा देऊ? तुमच्या आईचंच म्हणणं हाय. म्याच टाइप केलंय."

पदवी मिळाली, लातूरला शिकवायला लागले. नांदेडला गेले की मी डबा मागायचे आणि ते म्हणायचे, "फिटलं की तुटलं, ताई." पुढे माझंच जाणं कमी झालं. त्याला कारण काही नव्हतं, आळस होता. तो मला अजून सलतो.

परवा औशाच्या एका विद्यार्थिनीने तिचं दुसरं प्रकरण आणलं. त्यात लिहिलं होतं, 'माझी आई म्हणते, फिटलं की तुटलं.'

"तुझी आई असं म्हणते?"

तिने मान खाली घातली. "न्हाई मॅडम. ते तुमच्या प्रबंधात होतं."

माझ्या लक्षात आलं, माझे दोन्ही हात मांडीवर होते. मला हसू आवरेना. तिला म्हटलं, घरी जा आणि आईला विचारून ये. ही गंमत काकांना सांगायलाच हवी होती. त्याच रविवारी मी नांदेड गाठलं.

दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या चहावाल्याने घर दाखवलं. काका उन्हाळ्यातच गेले होते. मी कोण ते सांगताच काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन डबा भरून आणला. त्यात शेंगदाण्याचे लाडू होते. म्हणाल्या, "डबेवाल्या ताई आल्या तर रिकामा देऊ नको म्हणले होते."

मी तिथेच रडले.

डबा घेऊन गावी गेले. लाडू आईपुढे ठेवले आणि विचारलं, "आता कधी परत करू?"

आईने एक लाडू फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"लगीच नको," ती म्हणाली. "तवर त्या काकूकडं रिकाम्या हातानंच जात जा."