प्रायरीतला गणपती

न्यू जर्सीत आमच्या घरापासून तासाभरावर, एका टेकडीवर, ख्रिस्ती साधूंचा जुना दगडी मठ होता. सगळे त्याला प्रायरी म्हणत. अमेरिकेत आठशे वर्षांपूर्वीचा मठ कुठून आला, असं तुम्ही विचाराल तर बरोबरच विचाराल. तो इथला नव्हताच. इंग्लंडमधून खोक्यांत भरून आणलेला होता.

दर शनिवारी मी तिथे येणाऱ्यांना फिरवून माहिती सांगायचे, फुकट. भारतात मी सिव्हिल इंजिनिअर होते, सातारा-कराडकडचे जुने दगडी पूल तपासण्यात माझी सहा वर्षं गेली होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि नोकरी करायची परवानगीच नाही. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. तेवढ्यात प्रायरीच्या ट्रस्टला माहिती सांगणारं कोणी हवं होतं आणि मला दगड हवे होते. जमलं.

लोकांना मी सांगायचे ती गोष्ट मला आवडायची, पण ती काही शुभ गोष्ट नव्हती. मूळ जागी असतानाच प्रायरीचा मनोरा पडला होता. नव्या मोठ्या घंटेचा हादरा त्याला सोसला नाही, असं म्हणतात. पुढे राजाचं आणि धर्मगुरूंचं फाटलं. राजाने मठ बंद केले, साधूंना हाकललं, छपरावरचं शिसंसुद्धा उतरवून नेलं. गावकऱ्यांनी दगड नेऊन गोठे बांधले. उरलं काय, तर साधू एकत्र बसायचे ते कमानदार दालन, त्याच्यापुढची ओवरी आणि एक प्रवेशद्वार. दालनात मग कित्येक पिढ्या गवत भरलेलं होतं.

ते सगळं एका अमेरिकन कारखानदाराने विकत घेतलं. प्रत्येक दगडावर नंबर टाकून, खोक्यांत भरून बोटीने आणलं. इथे आल्यावर बुवाचं दिवाळं वाजलं. खोकी गोदामात कुजली, पाणी शिरलं, नंबर पुसले गेले. खूप उशिरा त्याच्या वारसांनी दालन उभं केलं तेव्हा गवंड्यांनी अंदाजाने दगड लावले आणि चुन्याच्या जागी खुशाल सिमेंट ठासलं. चुना थोडा लवतो. सिमेंट लवत नाही, ते एकदम तडकतं. हे मी लोकांना सांगत नसे, ट्रस्टच्या मॅनेजरला आवडायचं नाही.

दोन हजार सहाच्या सुमारास माझा नवरा आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या अंगात आलं. गणपतीत यंदा ढोल-ताशा हवा, मुलांचं लेझीम हवं. सराव सुरू झाला एडिसनच्या एका शाळेच्या पार्किंगमध्ये. दुसऱ्याच रविवारी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की वहिनींची ती प्रायरी आहे ना, टेकडीवर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ट्रस्ट ते दालन लग्नांना भाड्याने देतच होता. नवऱ्याने मला न विचारता सराव आणि उत्सव, दोन्हींसाठी बुक करून टाकलं. म्हणाला, "तुला सरप्राइज!" कपाळ माझं.

पहिल्या सरावाला मीही गेले. दगडी छताखाली ढोल असा घुमला की सगळे खूश. माझी नऊ वर्षांची मुलगी लेझमाच्या पहिल्या ओळीत होती, उजवीकडच्या खांबाशी. मी तिच्याकडे बघता बघता वर बघितलं. त्याच खांबाच्या माथ्याला, जिथून कमान सुटते, एक भेग होती. जुनीच होती, मला ठाऊक होती. पण तिच्या कडा आता पांढऱ्या दिसत होत्या. जुनी भेग काळी असते, धूळ बसून. पांढरी म्हणजे ताजी.

पुलाची भेग वाढतेय की नाही हे बघायची आमची साधी रीत होती. भेगेवर आडवी प्लास्टरची पट्टी थापायची आणि वाट बघायची. भेग हलली तर पट्टी तुटते, हलली नाही तर शाबूत राहते. मुलांना मूर्ती शिकवायच्या शिबिरातलं प्लास्टर ऑफ पॅरिस घरात उरलेलं होतं. मी शिडी लावून तीन पट्ट्या थापल्या. पुढच्या सरावानंतर बघितलं तर तिन्हींवर केसासारखी रेघ. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या फटीत माझं नख जात होतं.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हे आठशे वर्षं उभं आहे." मी म्हटलं, "आठशे वर्षं तिकडे उभं होतं. इथे तुमच्या वडिलांच्या काळापासून आहे, आणि तेही चुकीचं लावलेलं." त्याने मान डोलावली, सीझन संपल्यावर कुणाला तरी दाखवू म्हणाला. मंडळाच्या मीटिंगमध्ये मी तुटलेली पट्टी टेबलावर ठेवली. मग एकजण म्हणाला, "वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका हो. मोदकांचं काय ठरलं?" आणि सगळे हसले. नवराही हसला. ते मला फार लागलं.

घरी मी त्याला म्हटलं, "अरे, तिथे आपली पोरगी नाचणार आहे. त्याच खांबाखाली."

"अगं, पाचशे लोकांना इन्व्हिटेशन गेलंय. आता कॅन्सल करू? एका प्लास्टरच्या तुकड्यावरून?" तो म्हणाला. "आणि सहा वर्षं झाली तुला काम सोडून. इथले इंजिनिअर काय झोपलेत?"

काम मी सोडलं नव्हतं, पण ते जाऊ दे. मुलीला पाठवणार नाही म्हटलं, तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं. अध्यक्षांचीच मुलगी नाही म्हटल्यावर काय दिसेल, असं तिचा बाप म्हणाला. उत्सवाच्या दिवशी मी आंघोळीला गेले तेवढ्यात दोघं गाडी काढून निघून गेले.

मैत्रिणीच्या गाडीतून मी पोचले तेव्हा दालन खचाखच भरलं होतं. मूर्तीची स्थापना झाली होती. रेशमी साड्या, अत्तर, उकडीच्या मोदकांचा वास, आणि मुलगी त्याच खांबाशी, नऊवारीत. ढोल सुरू झाले. मी वर बघत होते. छतातून बारीक पांढरी भुकटी पडत होती, बायकांच्या अंबाड्यांवर, काळ्या कोटांवर. लोक हाताने झटकत होते आणि नाचत होते. मग वाटाण्याएवढा खडा माझ्या पायाशी पडला. मी ओरडले, "बाहेर चला! सगळे बाहेर चला!" शेजारच्या काकूंना वाटलं मी मोरया म्हणतेय. त्याही ओरडल्या, "मोरया!"

मी मुलीला ओढून नेऊ शकले असते. पण तिच्या मागे आणखी तीस पोरं होती, आणि त्यांच्या आया मला चहाला बोलावणाऱ्या. तेव्हा मला काय सुचलं ते देव जाणे. मी चौरंगापाशी गेले, मूर्तीला दोन्ही हात लावले आणि ती जागची हलवली.

प्रतिष्ठा केलेली मूर्ती विसर्जनाच्या पूजेशिवाय हलवत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकदा हलवली की उत्सव संपला. गुरुजींनी बघितलं. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि शनिवार-रविवारी सोवळं असे आमचे गुरुजी, ते पांढरेफटक पडले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. ढोल एकेक करत थांबले.

"मूर्ती हलवली हो यांनी!" गुरुजी म्हणाले. "आता ठेवता येणार नाही. विसर्जनालाच न्यावी लागेल."

कुणी शिवी घातली, कुणी रडायला लागलं. पण मूर्ती उचलली, आणि मूर्ती निघाल्यावर मागे कोण थांबणार? सगळे तिच्यामागे हिरवळीवर आले. मी मुलीचं मनगट धरून शेवटी निघाले. तिने लेझीम आतच टाकलं होतं आणि ती माझ्यावर चिडून मनगट सोडवायला बघत होती.

बाहेर नवरा माझ्या अंगावर धावून आला. "मान खाली घालायला लावलीस मला! सगळ्यांसमोर!" तो बोलतच होता तेव्हा आतून ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज झाला. मग मोठा. दारातून धुळीचा लोट आला. आया आपापल्या मुलांना हाका मारत सुटल्या. सगळी मुलं सापडली. आत कुणीही नव्हतं.

मला वाटलं, आता तरी कुणीतरी येऊन हात धरेल. पण ट्रस्टने ढोलांना दोष दिला, आणि आमच्या लोकांनी मला. आठवड्याभरात गावभर झालं होतं: देव हलवला म्हणून छत कोसळलं. बाप्पानेच सगळ्यांना बाहेर काढलं, असंही तेच लोक म्हणत. दोन्ही एका दमात. माझ्या पट्ट्यांचं नावही कुणी काढलं नाही. प्रवेशद्वाराची कमान तेवढी उभी राहिली. बाकीचे दगड टेकडीवर रचून ठेवले, पुन्हा नंबर टाकून.

मूर्ती हलवल्याचा दोष जावा म्हणून नवऱ्याने घरी शांत घालायचं ठरवलं. गुरुजींचं म्हणणं, मी देवापुढे क्षमा मागावी. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागून टाक ना. तुझं काय जातंय?"

माझा तिळपापड झाला. ओठांवर आलं होतं, की क्षमा मी कशाची मागू? तेवढ्यात समोर सतरंजीवर बसलेली मुलगी कंटाळून म्हणाली, "आई, हरी अप ना, आय अॅम सो हंग्री." तिच्या कानामागे खरचटलेलं होतं, खेळताना पडली होती, आणि ती ती खपली नखाने काढत होती. मी नवऱ्याच्या हाताला हात लावला आणि गुरुजींनी सांगितलं तसं, शब्द न गाळता, क्षमा मागितली. सगळा वेळ तिच्याकडे बघत होते.